विकलेला माल, परतीचे पैसे आणि बिलावरची एक ओळ

जबलपूर : सदोष निघालेली वस्तू परत घेण्यास आणि तिची किंमत ग्राहकाला देण्यास विक्रेत्याने नकार देणे, ही भारतीय कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४७) मध्ये तसे स्पष्ट नमूद असून, या कायद्यातील बहुतांश तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या आहेत. माल परत घेण्याची मुदत बिलावर दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यावेत, असा या तरतुदीचा अर्थ आहे. तरीही लहान-मोठ्या बाजारपेठांतील बिलांच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आजही छापलेली आढळते आणि अनेक ग्राहक त्या ओळीलाच कायदा समजून दुकानाची पायरी उतरतात.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरातील गोरखपूर ही अशीच एक गजबजलेली बाजारपेठ. उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध शहराशी तिचे साम्य केवळ नावापुरते. मदनमहाल रेल्वे स्थानकाच्या परिसरातून नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे जाताना ही वस्ती लागते. जवळच्या ‘छोटी लाईन फाटक’ या नावात जबलपूरला नैनपूरमार्गे गोंदियाशी जोडणाऱ्या जुन्या नॅरोगेज रेल्वेची आठवण टिकून आहे. १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे जबलपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेली मराठी कुटुंबे आहेत आणि गोरखपूरसारख्या बाजारात कपडे, पादत्राणे, भांडी, विजेची उपकरणे घेताना त्यांच्या हातीही हिंदीतील बिल पडते. हिंदी भाषक भागांत या ओळीचे रूप ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ असे असते. कपड्यांच्या काही दुकानांत तर ‘फॅशन के दौर में गारंटी की इच्छा ना करें’ असा फलकच भिंतीवर असतो. विनोद म्हणून तो खपतो. कायदा म्हणून त्याला काही किंमत नाही.

बिलावरच्या दोन परस्परविरोधी ओळी

ज्या बिलावर माल परत न घेण्याची ओळ असते, त्याच्याच एका कोपऱ्यात बहुधा आणखी एक जुनी ओळ असते. हिंदीत ती ‘भूल-चूक लेनी-देनी’ आणि मराठीत ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ अशी लिहिली जाते. हिशेबात चूक निघाल्यास ती दोन्ही बाजूंनी दुरुस्त केली जाईल, अशी ती लेखी कबुली आहे. बेरीज चुकली तर पैसे परत द्यायचे, पण वस्तूच चुकीची निघाली तर मात्र नाही, हा त्याच कागदावरील विरोधाभास कोणाच्या सहसा लक्षात येत नाही.

माल परत करण्याची रीत भारतीय व्यापाराला परकी नाही. मुंबईच्या हिरे-जवाहिरांच्या व्यवहारात ‘जांगड’ हा शब्द आजही रूढ आहे. उत्तरेकडे त्यालाच ‘जाकड’ म्हणतात. माल पसंतीसाठी न्यायचा, पटला तर ठेवायचा आणि पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत परत करायचा, असा हा व्यवहार असतो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ मध्ये पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी ग्राहकाकडे केव्हा जाते, याचे नियम दिले आहेत. ग्राहकाने पसंती कळवली, अथवा ठरलेली किंवा वाजवी मुदत उलटूनही नापसंती न कळवता माल ठेवून घेतला, की विक्री पूर्ण होते. याच कायद्याच्या कलम ४१ नुसार माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. कलम ४३ तर याहून पुढे जाते. खरेदीदाराने योग्य कारणासाठी माल नाकारला असेल, तर दुसरे काही ठरलेले नसल्यास तो माल विक्रेत्याकडे पोहोचवण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. नकार कळवणे पुरेसे आहे. थोडक्यात, व्यापाऱ्यांनी आपापसांतील व्यवहारात परतीची वाट शंभर वर्षांपूर्वीपासून मोकळी ठेवली होती. बंद राहिली ती किरकोळ ग्राहकाची.

ग्राहकांसाठीचा स्वतंत्र कायदा त्यानंतर पुष्कळ उशिरा आला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या वेळी ‘ग्राहक’ हा कायद्याच्या दृष्टीने वेगळा घटकच नव्हता. ग्राहक संरक्षण अधिनियमाला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ च्या कायद्यात सदोष मालाबद्दल भरपाईची तरतूद होती. तथापि, ‘माल परत घेण्यास नकार’ आणि ‘बिल न देणे’ या दोन गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत नाव घेऊन समाविष्ट झाल्या त्या २०१९ च्या कायद्यात. एकापाठोपाठ येणाऱ्या उपकलमांत त्या शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या, हे योग्यच झाले. बिल नसेल तर परतीच्या हक्काला हाताशी धरण्यासारखे काही उरत नाही.

दोष वेगळा, मन बदलणे वेगळे

ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील वादाचे मूळ बहुतेक वेळा एकाच गोंधळात असते. समजा, गोरखपूरमधील एखाद्या कुटुंबाने ३,८०० रुपयांचा मिक्सर घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्याची मोटर जळाली. हा दोष आहे. कायद्यातील व्याख्येनुसार गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष. येथे पैसे परत मागण्याचा आधार थेट कायद्यात आहे. ‘कंपनीच्या सेवा केंद्रात जा’ हे उत्तर अशा वेळी हमखास मिळते; पण कायद्यातील शब्द ‘माल विकल्यानंतर परत घेण्यास नकार’ असे असल्याने ही जबाबदारी विक्री करणाऱ्यावर येते. उत्पादकाकडे जाणे हा ग्राहकाचा अधिकचा पर्याय आहे आणि तक्रार दोघांविरुद्धही करता येते.

आता दुसरे उदाहरण. त्याच बाजारातून लग्नासाठी साडी घेतली आणि घरच्या उजेडात तिचा रंग पटला नाही. साडीत दोष नाही, दुकानदाराने काही लपवलेले नाही. अशा वेळी पैसे परत मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क भारतीय ग्राहकाला नाही. दुकानदार साडी बदलून देत असेल किंवा तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट देत असेल, तर ते त्याचे व्यापारी धोरण आहे. मात्र एकदा ते धोरण बिलावर छापले, फलकावर लावले किंवा जाहिरातीत सांगितले की ते त्याला पाळावे लागते. ‘सात दिवसांत बदलून मिळेल’ असे लिहून आठवड्याच्या आत आलेल्या ग्राहकाला परत पाठवणे ही साधी अडवणूक राहत नाही. ती दिलेल्या शब्दाची मोडतोड ठरते.

बदलून मिळणे आणि पैसे मिळणे यांतील फरकही महत्त्वाचा आहे. सदोष मालाच्या बाबतीत कायद्याचे शब्द ‘दिलेला मोबदला परत करणे’ असे आहेत. दुकानातीलच दुसरी वस्तू घ्या, असा आग्रह ग्राहकाने मान्य केला तर प्रश्न नाही. त्याच्यावर तो लादता येत नाही. मिक्सर बिघडल्यामुळे नडलेल्या घराला तेवढ्याच किमतीच्या तीन इस्त्र्या काय कामाच्या?

बिलावरील मुदत संपली म्हणजे सारे हक्क संपले, असेही नाही. दोषाबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी असतो. आयोग कलम ३९ नुसार दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा किंमत व्याजासह परत करणे यांपैकी योग्य तो आदेश देऊ शकतो आणि नुकसानभरपाईही देववू शकतो. बिलावरील किंवा ३० दिवसांची मुदत ही दुकानाच्या गल्ल्यावरच प्रश्न मिटवण्याची वेळ आहे. ती हुकली की वाट लांबते, बंद होत नाही.

ऑनलाइन खरेदीचे नियम अधिक काटेकोर

इंटरनेटवरील खरेदीत वस्तू हाताळून पाहता येत नाही, म्हणून तेथे नियम अधिक स्पष्ट आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार परत करणे, परतावा, बदली व हमी यांच्या अटी ग्राहकाला खरेदीपूर्वी दिसल्या पाहिजेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दर्शवावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. वेगवेगळ्या विक्रेत्यांना जागा देणाऱ्या मंचांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहकाला तिचा माग काढता येईल, अशीही तरतूद आहे.

विक्रेत्याने माल परत घेण्यास नकार देता कामा नये, अशा परिस्थितींची येथील यादी दुकानापेक्षा लांब आहे. वस्तू सदोष किंवा बनावट निघाली, जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांशी जुळली नाही किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचली, तरी ती परत करता येते. उशिराला अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणांचा. दिवाळीनंतर पोहोचलेल्या आकाशकंदिलाचे पैसे मागणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने हा नियम आहे.

मन बदलल्यास वस्तू परत करण्याचा हक्क काही देशांत दूरस्थ खरेदीपुरता मान्य आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन खरेदी कोणतेही कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते आणि विक्रेत्याने पुढील १४ दिवसांत पैसे परत करायचे असतात. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, म्हणजे भारतीय तरतुदीइतक्याच दिवसांत. दुकानातून स्वतः पाहून घेतलेली निर्दोष वस्तू मात्र तेथेही केवळ नापसंतीमुळे परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही. मोठी दुकाने ती सवलत स्वतःहून देतात.

पैसे आले त्या वाटेनेच परत जातात

परतावा मंजूर झाला तरी पैसे हाती पडण्यास लागणारा वेळ ते कसे दिले होते यावर अवलंबून असतो. रोख रकमेचा प्रश्न त्याच क्षणी सुटतो. यूपीआयने दिलेली रक्कम दुकानदार त्याच खात्यावर पाठवू शकतो. कार्डाच्या व्यवहारात विक्रेता, त्याची बँक, कार्डाचे जाळे आणि ग्राहकाची बँक अशा चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर कामकाजाचा वेळ जातो. ‘आम्ही पैसे पाठवले’ असे विक्रेता सांगतो, ‘आमच्याकडे आले नाहीत’ असे बँक सांगते, आणि ग्राहक मध्ये अडकतो. यावर साधा उपाय आहे. कार्डावरील परताव्याला एआरएन हा संदर्भ क्रमांक असतो आणि यूपीआयच्या व्यवहारालाही स्वतःचा क्रमांक असतो. विक्रेत्याकडून तो क्रमांक घेऊन बँकेला दिला की रक्कम कोठे आहे, हे बँकेला शोधता येते. क्रमांकच देता येत नसेल, तर परतावा बहुधा सुरूच झालेला नाही.

येथे आणखी एक गफलत होते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात दिरंगाईबद्दल दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मात्र ती अयशस्वी व्यवहारांसाठी आहे. म्हणजे खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला ती मिळाल्याची खात्री झाली नाही, अशा वेळी कार्ड किंवा यूपीआयची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे भरपाई सुरू होते. यशस्वी खरेदीनंतर माल परत केल्याने मिळणारा परतावा या परिपत्रकात येत नाही. ई-कॉमर्स नियमांत त्यासाठी ‘वाजवी काळ’ एवढाच शब्द आहे. परतावा जलद करण्याच्या सगळ्या चर्चेतील सैल जागा हीच आहे : दुकानाला माल परत घेण्यासाठी ३० दिवसांची रेघ आहे, पण घेतलेल्या मालाचे पैसे खात्यात किती दिवसांत पडावेत याची तशी ठळक रेघ नाही.

पैसे कोणत्या रूपात परत यावेत, याबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने घेतलेली भूमिका उल्लेखनीय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने ओला या प्रवासी सेवेला आदेश दिला की, परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे निवडण्याची मुभा ग्राहकाला असावी. त्यापूर्वी तेथे पुढील प्रवासासाठीचे कूपनच दिले जात होते. हा आदेश किरकोळ विक्रीचा नसला, तरी दुकानांतील क्रेडिट नोटच्या प्रश्नाशी त्याचे नाते जवळचे आहे. कूपन देणारा ग्राहकाचे पैसे स्वतःकडेच ठेवतो.

हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंचा परतावा सर्वांत किचकट. वस्तू परत केली तरी कर्जाचे खाते बंद होईपर्यंत हप्ता कापला जाऊ शकतो आणि प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही. वस्तू परत करताना कर्ज रद्द झाल्याचे लेखी घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुकानदाराची बाजू

माल परत न घेण्याच्या हट्टामागे नेहमी लबाडीच असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोरखपूरसारख्या बाजारातील लहान दुकानदाराचे भांडवल फडताळातील मालात अडकलेले असते. उघडलेले खोके पुन्हा नव्याच्या भावाने विकले जात नाही. समारंभात नेसून घामाचे डाग पडलेली साडी, नव्या यंत्राच्या खोक्यात घालून आणलेले जुने यंत्र, खूणचिठ्ठी काढलेला बूट, हे अनुभव दुकानदारांना नवे नाहीत. शिवाय घाऊक व्यापारी किंवा वितरक सदोष माल परत घेण्यास टाळाटाळ करीत असेल, तर तोटा शेवटच्या दुकानदाराच्या माथी बसतो. परताव्याची साखळी मागच्या टोकाला तुटलेली असली, की तिचा ताण पुढच्या टोकाला दिसतो.

कराची अडचण मात्र सांगितली जाते तेवढी मोठी नाही. ‘जीएसटी भरून झाला, आता पैसे कसे देणार’ हे कारण वारंवार ऐकू येते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३४ मध्ये याचे उत्तर आहे. माल परत आल्यास नोंदणीकृत विक्रेता क्रेडिट नोट काढून आपल्या करदायित्वातून तेवढा कर कमी करू शकतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत ती नोंद करता येते. कर कायद्यातील ही क्रेडिट नोट आणि ग्राहकाच्या हाती दिली जाणारी ‘पुढच्या खरेदीत वळते करून घ्या’ छापाची चिठ्ठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लेखापालासाठी आहे. ती काढल्यामुळे ग्राहकाला रोख देण्यास कोणतीही आडकाठी येत नाही.

ज्या दुकानांत परतीचे काम सुरळीत चालते, तेथील पद्धत साधीच असते. विक्रीच्या वेळीच विजेचे उपकरण ग्राहकासमोर लावून दाखवले जाते, अनुक्रमांक बिलावर लिहिला जातो, आणि कोणता माल किती दिवसांत, कोणत्या स्थितीत परत घेतला जाईल हे त्याच कागदावर असते. उपकरण बदलून आणल्याची शंका तेथे उद्भवत नाही, कारण अनुक्रमांक दोन्ही बाजूंकडे असतो. दुकानदाराला फसवणुकीपासून वाचवणारी आणि ग्राहकाला परतावा मिळवून देणारी नोंद एकच आहे, हे पुरेशा प्रमाणात ओळखले गेलेले नाही.

नकार मिळाल्यास पुढची वाट

दुकानदार ऐकत नसल्यास पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ हा तिचा क्रमांक असून मराठीसह १७ भाषांत ती उपलब्ध आहे. हेल्पलाइनला आदेश देण्याचे अधिकार नाहीत. ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोड घडवून आणते. तरीही तिचा उपयोग कमी लेखता येणार नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या माहितीनुसार २५ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात परताव्याच्या १५ हजारांहून अधिक तक्रारींत सात कोटी रुपयांहून अधिक रक्कम ग्राहकांना परत मिळाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारी ई-कॉमर्सच्या होत्या. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही वाट लवकर फळते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बाबतीत तिचा जोर साहजिकच कमी पडतो.

त्यापुढची पायरी ग्राहक आयोगाची. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. २०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. बंगळूरु किंवा गुरुग्राममध्ये कार्यालय असलेल्या कंपनीविरुद्ध गोरखपूरच्या रहिवाशाला जबलपूरमध्येच दाद मागता येते. पूर्वीच्या ई-दाखिलसह विविध सेवा एकत्र करणारे ई-जागृती हे संकेतस्थळ १ जानेवारी २०२५ पासून सुरू असून त्यावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची मागणीही करता येते. महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात गेलेल्या मराठी ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे, की तेथील पाट्यांवर ‘ग्राहक’ऐवजी ‘उपभोक्ता’ हा शब्द असतो.

कायद्यातील मुदत तीन महिन्यांची, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांची. प्रत्यक्षात निकालाला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागू शकतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. ३,८०० रुपयांच्या मिक्सरसाठी इतके दिवस खेटे घालण्यापेक्षा तो भंगारात घालणे लोक पत्करतात आणि नकार देणाऱ्या विक्रेत्याचे गणित नेमके त्यावरच बेतलेले असते. आयोगाचा आदेश झाल्यावर तो न पाळणाऱ्याला मात्र एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार ते कमाल एक लाख रुपये दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एकट्याने न लढण्याचाही पर्याय आहे. कायद्यानुसार नोंदणीकृत ग्राहक संघटना ग्राहकाच्या वतीने तक्रार करू शकते. जबलपूरमध्ये डॉ. पी. जी. नाजपांडे यांच्या नेतृत्वाखालील नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंच अनेक वर्षे वीजदरापासून पर्यावरणापर्यंतच्या प्रश्नांवर नियामक आयोग, उच्च न्यायालय आणि हरित न्यायाधिकरणापुढे जात आला आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात असल्याने नागरिकांच्या अशा प्रयत्नांना येथे एक सवय लाभली आहे. महाराष्ट्रात हेच काम ग्राहक पंचायती करतात.

अनेक ग्राहकांचा प्रश्न एकच असेल, तेव्हा केंद्रीय प्राधिकरण स्वतःहून हस्तक्षेप करू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल प्राधिकरणाने अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला आणि अनुक्रमे २,२६५ व ५९८ कुकर परत मागवून ग्राहकांना पैसे देण्याचे आदेश दिले. येथे ग्राहकांनी वस्तू परत घ्या म्हणून विनवणी करायची नव्हती. खरेदीदारांना शोधून कळवण्याची जबाबदारीच मंचांवर टाकली गेली. हे शक्य झाले, कारण कोणता कुकर कोणाच्या घरी गेला याची नोंद होती. रोखीने, बिलाशिवाय विकलेल्या कुकरचा असा माग काढता आला नसता.

बिल कसे असावे

ग्राहक संरक्षण (सर्वसाधारण) नियम, २०२० मध्ये बिलाचा किमान तपशील दिला आहे. विक्रेत्याचे नाव व पत्ता, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव, वस्तूचे वर्णन व प्रमाण, कराचा दर आणि सही यांचा त्यात समावेश होतो. जीएसटी कायद्यानुसार २०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या विक्रीसाठी ग्राहकाने मागितले नाही तर कर-बीजक न देण्याची मुभा नोंदणीकृत विक्रेत्याला आहे. त्यावरील खरेदीत ती नाही. कागदाच्या तुकड्यावर पेनाने केलेली बेरीज म्हणजे बिल नव्हे. कच्ची पावती घेऊन कराचे काही रुपये वाचवणारा ग्राहक त्याच क्षणी परतीचा पुरावा सोडून देत असतो. वेष्टनही लगेच फेकू नये. वजनमापविषयक नियमांनुसार त्यावर ग्राहक तक्रारीसाठी संपर्काचा पत्ता, दूरध्वनी व ई-मेल छापलेला असतो.

यंत्रातून निघणारी बहुतेक बिले आता उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावर असतात. पाकिटात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास त्यांवरील मजकूर काही महिन्यांत फिका पडून कागद कोरा होतो, तर तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. अशा बिलाचे दुकानातच मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. त्यात तारीख, बिल क्रमांक आणि तळाशी छापलेली ती ओळही स्पष्ट दिसावी.